मताचा माग

दिवाळी अंकाचा लेख लिहायला बसण्यापूर्वी केस कापून यायचे, हा माझा कित्येक वर्षांचा रिवाज आहे. डोके हलके होते म्हणून नव्हे. डोक्यात काहीच नसले तर तिथे विषय मिळतो म्हणून. आमच्या गावातले ते सलून म्हणजे तीन खुर्च्या, चार आरसे, एक लांब बाक आणि त्या बाकावर बसलेले, कसलीच घाई नसलेले पाच-सहा गृहस्थ. त्यांत एक काका तर असे, की ते रोज दुपारी येतात, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि उठून जातात. त्यांचे केस कापताना मी कधी पाहिलेले नाही.

यंदाही खुर्चीवर बसलो, गळ्याभोवती पांढरे कापड आवळले गेले आणि कात्री चालवता चालवता आमचे सलूनवाले म्हणाले, "सर, निवडणुकीवरचा तुमचा लेख वाचला बरं का. फार छान होता."

शहाण्या लेखकाने इथेच थांबावे. पण मोह आवरत नाही. मी विचारले, "मग? पटला का?"

"पटला तर! दोनदा वाचला. पण मत आपलं मी थोरल्या मेव्हण्याला विचारून देतो. त्याला त्यातलं कळतं."

हा मेव्हणा म्हणजे कोणी राजकारणाचा अभ्यासक नव्हे. तालुक्याच्या गावी त्याचे खताबियाण्याचे दुकान आहे. त्याने आयुष्यात एक ओळ लिहिलेली नाही. मी एम. ए. झालेला, वीस वर्षे मराठी शिकवणारा आणि दर आठवड्याला या जगाला शहाणे करून सोडणारा मनुष्य. आणि माझ्या हक्काच्या वाचकाचे मत ठरवणार कोण, तर खताचा दुकानदार! घरी येईपर्यंत मी त्या अपरिचित मेव्हण्यावर मनातल्या मनात चरफडत होतो. घरी पोहोचलो आणि एकाएकी पॉल लाझार्सफेल्डची आठवण झाली. हे मेव्हणा-प्रकरण त्याने १९४० सालीच शोधून ठेवलेले आहे.

मराठीच्या अध्यापकाचा समाजशास्त्राशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध गिरणीचा आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या समाजशास्त्राच्या एका सहकाऱ्याने मला एक पुस्तक वाचायला दिले. ते बंद पडलेल्या कापडगिरणीच्या गावाविषयी आहे एवढ्यावरच मी ते घेतले, कारण मी गिरणी कामगाराचा मुलगा. त्या पुस्तकाच्या वाटेने मी लाझार्सफेल्डपर्यंत पोहोचलो.

लाझार्सफेल्डचा जन्म १९०१ सालचा, व्हिएन्ना शहरातल्या एका ज्यू कुटुंबातला. वडील वकील, आई सोफी मानसशास्त्रात रमलेली, घरात समाजवादी पुढाऱ्यांची सतत ये-जा. त्यांपैकी फ्रीडरिख आड्लर हा पदार्थविज्ञानाचा जाणकार आणि आइन्स्टाइनचा मित्र. पहिल्या महायुद्धाचा निषेध म्हणून या शांत विद्वानाने २१ ऑक्टोबर १९१६ रोजी ऑस्ट्रियाच्या पंतप्रधानाला एका हॉटेलात जेवणाच्या टेबलावरच गोळ्या घातल्या. पंधरा वर्षांच्या पॉलचा हा आदर्श पुरुष! पण शिष्याने गुरूकडून पिस्तूल न घेता गणित घेतले, हे जगाचे नशीब. आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त बुध ग्रहाच्या भ्रमणाला लावून दाखवणारा प्रबंध लिहून १९२५ साली तो डॉक्टर झाला आणि शाळेत गणित शिकवू लागला.

बुधावरून तो पृथ्वीवर उतरला तो थेट साबणापाशी. विद्यापीठातल्या मानसशास्त्राच्या आश्रयाने त्याने एक छोटीशी संशोधनसंस्था काढली. संस्थेत हुशारी भरपूर होती, पैसा मात्र नव्हता. म्हणून मग व्यापाऱ्यांची कामे घ्यायची: गिऱ्हाईक हीच वस्तू का घेते, तीच का घेत नाही, याचा शोध करून द्यायचा. पुढे आपल्या आठवणींत त्याने मिस्किलपणे कबूल केले आहे, की अभ्यासाच्या रीतीपुरते पाहिले तर बाईने साबणाची वडी निवडणे आणि कामगाराने समाजवादी पक्षाला मत देणे यांत काही फरक नाही. दोन्हीकडे एक माणूस अनेक गोष्टींतून एकीवर बोट ठेवतो. ते बोट कुठून कसे तिथवर आले, याचा माग काढायचा. कित्येकांना हे वाक्य अजून झोंबते. मत ही पवित्र गोष्ट, ती साबणाच्या पंक्तीला कशी बसवायची? पण साबणाच्याच पैशावर संस्था चालली आणि त्याच संस्थेने मारिएन्थालचे काम केले, हेही विसरून चालणार नाही.

मारिएन्थाल हे व्हिएन्नाजवळचे खेडे. एका कापडगिरणीवर सगळे गाव जगत होते. १९२९-३० साली जागतिक मंदीत गिरणी बंद पडली. गावात कुटुंबे ४७८. त्यांतली सुमारे तीन-चतुर्थांश बेकारभत्त्यावर आली. लाझार्सफेल्डच्या मनात खरे तर कामगार फावल्या वेळात काय करतात याचा अभ्यास करायचे होते. समाजवादी पुढारी ओटो बाउअर त्याच्यावर उखडला: देशात लोकांना काम नाही आणि तुम्ही फावला वेळ कसला मोजता, बेकारी मोजा! म्हणून १९३१ च्या हिवाळ्यात ही तरुण मंडळी मारिएन्थालला गेली. त्यांत त्याची पत्नी मारी याहोदा होती आणि मित्र हान्स झाइझेल होता. नियम असा ठेवला, की नुसते बघ्या म्हणून कोणी गावात जायचे नाही. गावाच्या काही तरी उपयोगी पडायचे. व्हिएन्नात जुने कपडे गोळा केले, धुऊन-दुरुस्त करून वाटले. बायकांसाठी कपडे बेतण्याचे वर्ग काढले, फुकट औषधोपचार ठेवले. आणि हे करता करता घराघरातले मोजले, जे सहसा कोणी मोजत नाही.

काय मोजले? गावच्या वाचनालयातून किती पुस्तके जातात ते मोजले. दोन वर्षांत ती जवळजवळ निम्म्यावर आली होती, आणि वाचनालय तर आता फुकट होते. कामगारांच्या राजकीय दैनिकाचे वर्गणीदार साठ टक्क्यांनी घटले होते. बेकारांसाठी त्याची वर्गणी मुद्दाम कमी केलेली असूनही! करमणुकीच्या पत्राची घट मानाने पुष्कळच कमी होती. नाताळात काय हवे ते मुलांकडून लिहून घेतले. शेजारच्या गावांतल्या मुलांनी मागितलेल्या वस्तूंच्या एक-तृतीयांश किमतीच्या वस्तू या मुलांनी मागितल्या, आणि त्याही 'आईबाबांकडे पैसे असते तर' अशा भीत भीत. पुरुषांना एका दिवसाचा तासवार हिशोब लिहायला सांगितला. उठलो, जेवलो, झोपलो एवढे त्यांना सांगता आले. मधले तास कुठे गेले ते कोणालाच सांगता येईना.

आणि शेवटी त्यांनी चाल मोजली. एका खिडकीआड घड्याळ घेऊन एक जण बसला आणि गावच्या तीनशे मीटर लांबीच्या रस्त्यावरून जाणारी माणसे टिपू लागला. पुरुषांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश वाटेत दोनदा किंवा अधिक वेळा थांबत. न थांबता टोकापर्यंत जाणारा दहांत एखादा. बायका मात्र त्यांच्या दीडपट वेगाने चालत होत्या. त्यांची गिरणी बंद झाली होती. चूल, मुले, धुणे बंद झाले नव्हते.

हे वाचले आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. तो मागे घेतला असे कोणी जाहीर केलेच नाही. कापड विरावे तसा तो विरत गेला. माझ्या वडिलांना, अण्णांना, त्यांच्या गिरणीने परत घेतले नाही. मी तेव्हा फार लहान. मला आठवतात ती त्यानंतरची वर्षे. चाळीच्या गॅलरीत मी अभ्यासाला बसे आणि खालचा रस्ता दिसे. अण्णा सकाळी दहाला बाहेर पडत. पानपट्टीपाशी थांबत, मारुतीच्या पायरीशी थांबत, मग गिरणीच्या बंद फाटकासमोर थांबत. नाक्यापर्यंतचे अंतर पाच मिनिटांचे. अण्णांना पाऊण तास लागे. तेवढ्यात आई खाणावळीची भाजी घेऊन त्याच रस्त्याने दोनदा जाऊन येई. अण्णा आळशी आहेत, असे माझे ठाम मत होते. एकदा ते मी आईला बोलून दाखवले. आईने माझ्या थोबाडीत दिली. ती का, हे मला तीस वर्षांनी त्या पुस्तकातल्या पान-दीड पानांनी सांगितले.

त्या काळी युरोपातल्या पुष्कळ विद्वानांची खात्री होती, की पोट रिकामे झाले की माणूस क्रांतीला उठतो. मारिएन्थालने दाखवले ते उलटे. रिकामा झालेला माणूस उठत नाही, तो बसतो. सभेला जाणे सोडतो, वाचनालय सोडतो, वर्तमानपत्र सोडतो. मत द्यायच्या दिवशी मत देतो खरा, पण वर्षभर ते बोलायचे सोडून देतो. जनमताचा शास्त्रज्ञ होण्यापूर्वी लाझार्सफेल्डने मत विझते कसे, हे असे डोळ्यांनी पाहून घेतले.

पुस्तक १९३३ साली जर्मनीत छापले गेले. हिटलर सत्तेवर आला होता. नावे ज्यू वाटतात म्हणून मुखपृष्ठावर लेखकांची नावेच घातली नाहीत. लाझार्सफेल्ड त्याच वर्षी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेला. १९३४ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियात समाजवादी पक्षावर बंदी आली, घरची माणसे तुरुंगात गेली आणि परतीची वाट बुजली. याहोदालाही १९३६ साली अटक झाली. सुटल्यावर ती इंग्लंडला गेली. दोघांचा संसार त्यापूर्वीच मोडला होता. त्या पुस्तकाचे मुख्य लेखन तिचे होते, हे इथे नोंदवून ठेवतो. अशा नोंदी राहून जातात.

अमेरिकेत या परदेशी गृहस्थाने आपले बस्तान बसवले ते रेडिओवर. कोण काय ऐकतो, का ऐकतो, ऐकून काय करतो, याच्या संशोधनाचा तो प्रमुख झाला आणि लवकरच कोलंबिया विद्यापीठात गेला. माणूस कसा झपाटलेला होता याची एक गोष्ट सांगतात. १९४१ च्या नोव्हेंबरात त्याने रॉबर्ट मर्टन या नव्या सहकाऱ्याला सपत्नीक जेवायला बोलावले. पाहुणे दारात येताच म्हणाला, कोट काढू नका, एक तातडीचे काम आले आहे. आणि मर्टनला घेऊन थेट रेडिओच्या स्टुडिओत गेला. तिथे श्रोत्यांच्या हातांत आवडीचे-नावडीचे बटण देऊन कार्यक्रमाची परीक्षा चालली होती. मर्टनही त्यात गुंतला. दोघी बायका घरी जेवणापाशी वाट पाहत राहिल्या. त्या रात्री जुळलेले मैत्र पस्तीस वर्षे टिकले. त्या दोन गृहिणींचे मत मात्र कोणी नोंदवलेले दिसत नाही.

आता येतो आमचा मेव्हणा. मते मोजण्याचा धंदा अमेरिकेत तेव्हा जोरात होता. १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका वाटल्या, वीस लाखांवर उत्तरे मोजली आणि लँडन निवडून येणार असे छापले, आला रूझवेल्ट. जॉर्ज गॅलपने कितीतरी कमी पण पारखून निवडलेली माणसे विचारून बरोबर सांगितले होते. साप्ताहिकांत लिहिणाऱ्यांनी हे प्रकरण अधूनमधून आठवावे. पण गॅलप दर वेळी नवी माणसे विचारी. त्यामुळे वारा किती वळला ते कळे. कोण वळला आणि कशाने, ते कळत नसे. लाझार्सफेल्डने १९४० च्या निवडणुकीत ओहायो राज्यातला ईरी हा जिल्हा निवडला आणि तिथल्या सहाशे माणसांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा गाठून विचारले. तेच दार, तोच माणूस. जरा जरी बदलला तरी लगेच विचारायचे, का हो, कशामुळे?

त्याची अपेक्षा अशी, की रेडिओ आणि वर्तमानपत्रे माणसाला कशी वळवतात ते आता चव्हाट्यावर येईल. हाती आले ते भलतेच. निम्म्या लोकांचे मत मे महिन्यातच ठरलेले होते. एका पक्षाकडून उठून दुसऱ्याकडे गेलेले शंभरांत आठ. बाकीचा सगळा प्रचार ज्याला जे आधीच पटलेले त्यालाच ते पुन्हा पटवून देत होता. आणि ज्यांचे मत खरोखर डळमळले त्यांना विचारावे, तर उत्तर येई ते माणसाचे: बायकोचे, भावाचे, कामावरच्या सोबत्याचे. एका हॉटेलात वाढणाऱ्या बाईने तर शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी गिऱ्हाइकाचे बोलणे कानावर पडले म्हणून मत ठरवले होते. तो जाणता वाटला, एवढेच कारण.

बर्नार्ड बेरेलसन आणि हेझल गॉडेट यांच्याबरोबर त्याने हे १९४४ साली पुस्तकरूपाने मांडले. विचार थेट वर्तमानपत्रातून वाचकाच्या डोक्यात जात नाही; तो आधी एका जाणत्या माणसाकडे जातो आणि त्याच्या तोंडून इतरांकडे. १९४५ साली इलिनॉयमधल्या डिकेटर गावी सुमारे आठशे बायकांना विचारून त्याने हेच पुन्हा पारखले. एलिहू कॅट्झबरोबर लिहिलेले ते पुस्तक १९५५ साली निघाले. त्यातली मोलाची गोष्ट ही, की हे जाणते कोणी वरच्या थरातले नसतात. प्रत्येक थरात, प्रत्येक आळीत आपापला जाणता असतो. बाजारहाटाचा वेगळा, सिनेमाचा वेगळा, राजकारणाचा वेगळा. इतरांपेक्षा तो वाचतो-ऐकतो जास्त, पण लोक त्याचे ऐकतात ते त्यासाठी नव्हे. तो आपला म्हणून ऐकतात.

आई सांगते, आमच्या मजल्यावर हा मान अण्णांचा होता. दुसऱ्या पाळीला जाण्यापूर्वी ते गॅलरीत बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. वाचता न येणारे चार-पाच जण भोवती बसत. मत कोणाला, वर्गणी द्यायची की नाही, मुलाला कुठल्या शाळेत घालायचे, हे अण्णांना विचारून ठरे. संपानंतर शेजाऱ्याचे वर्तमानपत्र फुकट मिळत असूनही अण्णा ते उघडीनासे झाले. मग हळूहळू लोकांनीही विचारणे सोडले. की आधी लोकांनी विचारणे सोडले आणि मग अण्णांनी वाचणे सोडले? हा क्रम आईला आता सांगता येत नाही. लाझार्सफेल्डने महिन्यामहिन्याला दार ठोठावून हाच क्रम शोधला असता.

त्याच्यावर टीका पुष्कळ झाली. व्हिएन्नाचा समाजवादी अमेरिकेतल्या जाहिरातवाल्यांची आकडेमोड करतो, असे लोक म्हणाले. आडोर्नोसारख्या तत्त्वज्ञाला त्याने स्वतः बोलावून घेतले आणि संस्कृती बटणे दाबून मोजायची नसते यावर दोघांचे फाटले. सी. राइट मिल्सने डिकेटरला त्याच्यासाठी काम केले आणि १९५९ साली आपल्या पुस्तकात त्याच्या पद्धतीचे वाभाडे काढले. यात तथ्य नाही असे नाही. पैसा देणारा प्रश्नही आपल्या सोयीचे सुचवतो.

पण हाच माणूस १९४८ साली मर्टनबरोबर लिहिलेल्या निबंधात असे सांगून गेला, की बातम्यांचा अखंड पूर हे एक गुंगीचे औषध आहे. माणूस वाचतो, ऐकतो, हळहळतो, चर्चा करतो आणि आपण कर्तव्य केले अशा समाधानात झोपी जातो. जाणणे हेच त्याला करणे वाटू लागते. आज हातातल्या फोनवर रात्री बारापर्यंत देशाची चिंता वाहणाऱ्या आपणा सर्वांना हे नव्याने सांगायला नको. सदर लिहिणाऱ्याला तर मुळीच नको.

आणि मला सर्वांत जवळचे वाटते ते त्याचे १९५८ सालचे काम. सेनेटर मॅकार्थीच्या काळात अमेरिकेत कम्युनिस्टांची शोधाशोध चालली होती. लाझार्सफेल्डने वॅग्नर थीलेन्सबरोबर १६५ महाविद्यालयांतल्या समाजशास्त्रे शिकवणाऱ्या २४५१ अध्यापकांना विचारले: तुम्हाला भीती वाटते का? वर्गात काही बोलायचे टाळता का? जवळजवळ निम्म्यांच्या उत्तरांत धास्ती दिसली. नोकऱ्या फारशा कोणाच्या गेल्या नव्हत्या. पण विषय गाळला जात होता, शब्द मऊ केला जात होता, सहकारी आला की बोलणे बदलत होते. अध्यापकांच्या खोलीत मीही वीस वर्षे चहा पीत आलो आहे. मत नसणे आणि मत गिळणे यांतला फरक तिथल्या शांततेवरून ओळखता येत नाही. तो विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारणारा विश्वासाचा असावा लागतो.

लाझार्सफेल्ड ३० ऑगस्ट १९७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारला. जन्मभर त्याने एकच गोष्ट केली: माणसाला विचारले. अण्णा गेले त्यालाही बरीच वर्षे झाली. मी या सदरातून शेकडो विषयांवर मते दिली. अण्णांना त्यांचे मत एकदाही विचारले नाही.

लेख लिहून झाल्यावर सहज पुन्हा सलूनकडे गेलो. दुपारची वेळ. ते काका बाकावर होते. मागे एकदा सलूनवाल्यांनीच मला सांगितले होते, की औद्योगिक वसाहतीतला त्यांचा कारखाना दोन वर्षांपूर्वी बंद झाला. काकांनी शेवटचे पान संपवले आणि वर्तमानपत्राची घडी घातली. तेवढ्यात खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाच्या कानापाशी कात्री थांबवून सलूनवाले म्हणाले, "मग काका, तुमचं काय म्हणणं?"

काका उठता उठता पुन्हा बसले, चष्मा काढून हातात घेतला आणि बोलू लागले. चांगली दहा मिनिटे बोलले. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकत होतो. तीनही खुर्च्यांवरच्या कात्र्या थांबल्या होत्या आणि एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही.